बाटली ओतण्याचा सीन

३ जून
आठची मालिका पाहिली. म्हणजे पाहावी लागली. घरात टीव्ही एक आणि रिमोट सासूबाईंच्या हातात. त्यातला बाप पक्का बेवडा. मुलीच्या वाढदिवसाला गटाराच्या कडेला पडून होता. किळस आली. ग्लास खाली ठेवून तसं बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा ग्लासाकडे पाहिलं. मोतीबिंदू असेल.

मीही घेतो, पण फरक आहे. बेवड्याला आपण बेवडे आहोत हे कळत नाही. मला पक्कं ठाऊक आहे की मी नाही.

५ जून
लेकीने विचारलं, शनिवारी चारला टेबल टेनिसची फायनल आहे, येशील का. म्हटलं, हे काय विचारणं झालं? तिने गेल्या वेळची आठवण काढली. गेल्या वेळी लिफ्ट अडकली होती. मी लिफ्टचा मेकॅनिक, अडकली की मीच लागतो. बायको म्हणाली, लिफ्ट नाही, तू अडकला होतास, बारमध्ये. बायकांना तपशिलाचं फार वेड.

६ जून
धक्का! बेवडा सुधारणार. शनिवारी महाएपिसोड. नुसती झलक बघून घरात सगळ्यांचे डोळे पाणावले. वर्षभर हा माणूस बायकापोरांना छळतो, एक सीन करतो आणि हिरो होतो. इथे मी साधं माफक घेतो, तर माझ्यासाठी कुणी रुमालही काढत नाही.

ठरलं. आपणही सुधारायचं, शनिवारीच. आधी मॅच. मग घरी सगळ्यांसमोर बाटली ओतून टाकायची आणि डायलॉग: 'आजपासून या घरात एकच नशा, तुमची!' मीच लिहिला. अंगावर काटा आला.

७ जून
अडचण. ओतायला घरात बाटलीच नाही. होती ती सुधारण्याच्या टेन्शनमध्ये संपली. नवी आणायला गेलो. दुकानदाराला सांगितलं, ओतून टाकायला हवी आहे. म्हणाला, मग हलकी न्या. चिडलो. त्यागाला काही दर्जा असतो की नाही? भारीतली घेतली.

८ जून, शनिवार, दुपारी
घरात कोणी नाही. सगळ्या आधीच मॅचच्या हॉलवर गेल्या. जाताना लेकीने पुन्हा विचारलं. म्हटलं, तू पुढे हो, आलोच.

रंगीत तालीम घेतली. पाणी नको, खऱ्या बाटलीचं वजन हातात बसायला हवं. एक घोळ लक्षात आला. गच्च भरलेली बाटली ओतायला लागलं तर डायलॉग संपतो तरी धार चालूच. थोडी कमी केली.

थोड्या वेळाने
अजून जास्त वाटते. अर्धी बरी.

आणखी थोड्या वेळाने
अर्धी नको. बघणारे विचारतील, उरलेली अर्धी कुठे गेली? तळाशी जराशीच हवी. त्याने शेवटच्या घोटाचा भाव येतो.

नंतर
भाव आला. चारला अवकाश आहे. जरा डोळे मिटून डायलॉग घोकतो.

८ जून, आठ वाजून गेल्यावर
टीव्हीच्या आवाजाने जाग आली. तिघी सोफ्यावर. नशीब, बाटलीच्या तळाशी माल शिल्लक होता. सोफ्यावरून मोरी दिसत नाही, म्हणून बादली आणली आणि टीव्हीसमोर ठेवली. डायलॉग खणखणीत म्हटला. ओतली.

लेक म्हणाली, बाबा, बाजूला हो, दिसत नाहीये.

झालो. तिघी मुसमुसत होत्या. मीही पाहिलं. बेवड्याने ना बाटली ओतली, ना भाषण ठोकलं. मुलीच्या गाण्याच्या कार्यक्रमाला वेळेवर आला आणि मागच्या खुर्चीत बसला. बस्स. म्हटलं, यात रडण्यासारखं काय आहे? सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

९ जून
टीव्हीशेजारी नवा कप दिसला. लेकीला म्हटलं, शाब्बास, जिंकलीस! म्हणाली, हरले, तो दुसऱ्या नंबरचा आहे. शेवटच्या गेममध्ये दार वाजलं, मला वाटलं तू आलास, तिकडे पाहिलं आणि सर्व्हिस चुकली. हॉलचा वॉचमन होता.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तिने रागावून सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

पुढच्या मॅचला जाणार. डायलॉग नाही, बाटली नाही, मागची खुर्ची. शब्द म्हणजे शब्द. थेंबाला शिवणार नाही.

एवढ्यात बायकोने विचारलं, बादलीतलं ते मोरीत ओतू का? म्हटलं, थांब जरा. बादली धुतलेली होती का?