बर्फावर जाण्याचा अर्ज

भातसानगर वसाहत,
गुरुवार, ३० जानेवारी २०२५, सकाळी सात

गिरजा शेखर निमसे हिस,

नावाआधी काय लिहावे यावर बराच वेळ गेला. 'सौ.' लिहिणे आता रीतीला धरून नाही, आणि रीतीप्रमाणे जे लिहितात ते माझ्या हातून लिहवत नाही. म्हणून नाव तेवढे लिहिले आहे.

इकडे सर्व ठीक. नम्रता पुण्यात बरी आहे, कामात असते. वर्षश्राद्ध अकरा तारखेला धसईला, तुझ्या माहेरी झाले. गणूने सर्व व्यवस्था पाहिली. भाताचे पीक यंदा त्याच्याकडे चांगले आले. तुझा मागील दारचा कढीपत्ता दोन वेळा छाटला, पुन्हा फुटला आहे.

पत्रास कारण दोन. पहिले असे की, मी ऑक्टोबरअखेर निवृत्त झालो. त्यानंतर शासकीय निवासस्थान तीन महिने ठेवता येते. ती मुदत उद्या संपते. सामान किन्हवलीच्या घरी पाठवले. आता येथे एक खुर्ची, मी, आणि प्रवासाची पिशवी आहे.

दुसरे कारण, मी आज नारकंड्याला निघत आहे. नवशिक्यांचा स्कीइंगचा वर्ग सोमवारपासून आहे, सात दिवसांचा. तू निवडला होतास तोच.

आखणी संपूर्ण तुझीच ठेवली आहे. शिमल्याच्या पुढचे हे ठिकाण लहान आहे, उतार सौम्य आहे, आणि मोठ्या नावाच्या ठिकाणांपेक्षा तेथे निम्म्यात भागते, असे तू वहीत लिहिले होतेस. बूट, बर्फावर घसरण्याच्या लांब पट्ट्या आणि काठ्या वर्गाच्या शुल्कातच मिळतात, त्या वेगळ्या भाड्याने घेऊ नयेत. नाताळात जाऊ नये, जानेवारी संपताना जावे, तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही उतरतात. हॉटेल नको, संस्थेच्या सामाईक खोलीत राहावे. कल्याणहून अंबाल्यापर्यंत स्लीपर, पुढे बस. जाड कोट विकत घेऊ नये. आतून गरम कपड्यांचे दोन जोड, वर लोकरी स्वेटर, आणि सर्वांवर आपला आवणीचा, भातलावणीचा रेनकोट व पँट, म्हणजे बर्फ आत शिरत नाही. या शेवटच्या ओळीखाली तू रेघ मारली आहेस. रेनकोट घेतला आहे. मागील बाजूस चिखलाचा डाग आहे, तो धुतला तरी गेला नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

हे सर्व सुरू झाले ते तुझ्या फोनमधील एका चित्रफितीवरून. एक बाई पायांना पट्ट्या बांधून पांढऱ्या उतारावरून खाली येत होती. तू भाकरी तव्यावर तशीच ठेवून मला हाक मारलीस आणि म्हणालीस, "ही तं आमची फळी हाय ओ." चिखलणीनंतर खाचर सपाट करण्यासाठी बैलांमागे जी फळी बांधतात, तिच्यावर वजनासाठी पोरांना उभे करीत, आणि धसईला तुम्हां भावंडांत ते वजन नेहमी तू असायचीस, हे मला त्या दिवशी कळले. लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. मी कधी विचारले नव्हते.

त्यानंतर तू रोज सकाळी धरणाच्या पायऱ्या चढू लागलीस, गुडघ्यांना बळ यावे म्हणून. थांबण्यासाठी पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणून टाचा बाहेर ढकलाव्या लागतात, आणि त्या कृतीला तिकडे नांगर म्हणतात, हे वाचून तू हसलीस. "बर्फात गेलं तरी नांगर काय सुटत नाय," असे म्हणालीस. स्वयंपाकघरात पोळपाटासमोर उभी राहून तू टाचा बाहेर ढकलण्याचा सराव करीत असायचीस. मी वर्तमानपत्र वाचत असल्याचे दाखवीत असे.

डिसेंबर २०२२ मध्ये अर्ज भरून माझ्याकडे पाठवायला दिलास. दोघांचा. संस्थेने पंचेचाळीस वर्षांची अट दाखवून तो परत पाठवला.

येथे थांबलो होतो. चहा करावा म्हणून उठलो, तर भांडी किन्हवलीला गेली आहेत.

अर्ज परत आल्याचे वरचे वाक्य खोडायला हवे. खोडत नाही, तसेच राहू देतो, म्हणजे ते किती सहज लिहिले जाते हे दिसेल. दोन वर्षे ते मी बोलत आलो आहे. तुला, नम्रताला, वसाहतीत ज्यांनी विचारले त्यांना. अर्ज परत आला नाही. अर्ज गेलाच नव्हता. माझ्या कार्यालयातील खणात, पाणीपातळीच्या नोंदवह्यांखाली, तो पाकिटात तसाच होता. वयाची अट मी जेवताना, तू आमटी वाढत असताना, रचली. पंचेचाळीस हा आकडा कोठून आला ते मला आजही सांगता येत नाही.

रजेच्या अर्जात कारण लिहावे लागते. बर्फावर घसरणे शिकण्यासाठी, असे शाखा अभियंत्याने वरिष्ठांना लिहावे, याची मला लाज वाटली. हे कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस पुरवले. परंतु खासगी काम एवढे लिहूनही रजा मिळाली असती, हे मला ठाऊक होते. खरे कारण असे की, तू पहिल्या दिवशीच उभी राहिली असतीस आणि मी चार लोकांदेखत पडत राहिलो असतो. पडण्याचे मला भय होते. आयुष्यात मी अशी एकही गोष्ट केली नाही, जी मला आधीपासून येत नव्हती.

त्या रात्री तू एवढेच म्हणालीस, "बरं. वय कमी झालं की जाऊ." आणि बर्फासाठी घेतलेले लोकरी मोज्यांचे दोन्ही जोड ट्रंकेत ठेवलेस.

आता गेल्या जुलैविषयी. तू गेल्यानंतरच्या पहिल्या आवणीला गणूने फोन करून बोलावले. मला वाटले, एकटा आहे म्हणून बोलावले असेल. गेलो. सर्व खाचरे त्याने ट्रॅक्टरने केली होती, घरामागचे एकच बैलांसाठी राखले होते. फळी बांधलेली होती. गणू म्हणाला, "दाजी, चढा."

मी नकार दिला. लावणीच्या बायका बांधावर बसल्या होत्या. तुझी भावजय जनी त्यांत होती. ती म्हणाली, "दाजी, एवढी वरसं धरणाचं पाणी मोजलंत, आता चिखल किती खोल हाय तो पण मोजा." सगळ्या हसल्या. मी चढलो, कारण न चढणे त्याहून अवघड झाले होते.

बैल हलले आणि मी मागे पडलो. दुसऱ्या वेळी उजवीकडे. तिसऱ्या वेळी पुन्हा मागे, तो डाग तेव्हाचा. तोंडात चिखल गेला. गणूने बैल थांबवले, मला हात दिला नाही, आणि कासरा धरून उभ्या उभ्या जे सांगितले ते त्याच्या शब्दांत लिहितो.

"तायनं तिथं फोन केलता, दाजी. नंबर वहीत व्हता ना. ते बोलले, कसली वयाची अट, साठीची माणसं येतात, डॉक्टरचा दाखला आणा फक्त. तुमचा अर्ज आलाच नाय, असं पण बोलले."

मी विचारले, केव्हा.

"तुमी सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मग मला बोलली, त्यांना पडायची भीती वाटते रे गणू, त्यांना वाटतं मला समजत नाय. तू एकदा त्यांना फळीवर उभं कर. आपल्या चिखलात कुणाला लागत नाय." मग तो बैलांकडे पाहत म्हणाला, "मागल्या वर्षीच बोलवलं व्हतं. तुमी आला नाय. कामाचं सांगितलंत."

होय. सांगितले होते.

गिरजा, त्या खाचरात मला कल्याणचे इस्पितळ आठवले. नऊ दिवसांतील सातवा. ताप उतरल्यासारखा वाटत होता. तू मला जवळ बोलावून म्हणालीस, "तुमी एकदा तिथं फोन करून विचारा तं. मोठ्या माणसांचा येगळा वर्ग असेल." मी म्हणालो, विचारतो. तू माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिलीस. मला वाटले, औषधाची गुंगी आहे.

उत्तर तुला वर्षभरापासून ठाऊक होते. तरी विचारलेस. मी एक वाक्य बोलायला हवे होते, आणि त्यासाठी तू मला त्या दिवशी वाट करून दिलीस. मी 'विचारतो' म्हणालो. मी तुला दिलेला शेवटचा शब्द तोच आहे. नंतरचे दोन दिवस नुसते 'पाणी हवे का' आणि 'डॉक्टर येत आहेत'.

त्या दिवशी चौथ्यांदा फळीवर चढलो. गणूने एवढेच सांगितले की, मागं रेलू नका, भ्यायला की माणूस मागं रेलतो आणि मग पडतो, गुडघे मोडा आणि बैलांकडं बघा. खाचराच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत उभा राहिलो. वळणावर पडलो. बायका या वेळी हसल्या नाहीत, म्हणून मी हसलो.

नोव्हेंबरात संस्थेस फोन केला. त्यांनी विचारले, एक की दोन. एक, असे सांगितले. शहापूरला डॉक्टरांचा दाखला घेतला. जुना अर्ज वापरता आला नाही, मुदत गेली आहे. नवा भरला. अनुभव या रकान्यात तू जुन्या अर्जावर 'फळी, वय सात ते चौदा' असे लिहिले होतेस. मी 'फळी, एक दिवस' असे लिहिले. खोटे लिहायचे नव्हते.

काल नम्रताला फोन करून सर्व सांगितले. अर्जाचे, इस्पितळाचे, सर्व. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाबा, आईचे मोजे तुम्हाला लहान होतील." मी म्हणालो, ठाऊक आहे, तरी नेत आहे. ती म्हणाली, "मग पायात नका घालू, हातात घाला." आणि पुढे, "पोचलात की फोन करा. पडलात तरी करा." क्षमा केली असे ती म्हणाली नाही. मी विचारलेही नाही.

मी तेथे जाऊन तुझे ऋण फेडीत आहे असा माझा समज नाही. तू नसताना तुझ्या आखणीप्रमाणे जाणे ही फार स्वस्तातली गोष्ट आहे. जी महाग होती ती मी तू असताना टाळली. मी जातो आहे ते पडण्यासाठी. लोकांदेखत, जेवढ्या वेळा पडावे लागेल तेवढ्या वेळा. त्यानंतर उभा राहिलो तर तेही लिहीन.

एक बाब राहिली. या घराच्या किल्ल्या दोन होत्या. माझी, आणि तुझी, जी तू पिनेने पदराला लावीत असायचीस. कार्यालयातील लिपिकाने मला आपणहून सुचवले की, साहेब, दुसरी हरवली असे लिहून द्या, पुष्कळ जण देतात, वहिनींची आठवण राहील. भला माणूस आहे. मी रात्रभर ती किल्ली उशाशी ठेवली होती. एक ओळ लिहिली असती तर ती माझ्याजवळ राहिली असती.

पत्र जुन्या अर्जाच्याच पाकिटात ठेवीत आहे. ते मोज्यांबरोबर पिशवीत राहील.

फोन करून विचारले, गिरजा. वर्ग आहे. मोठ्या माणसांना घेतात.

तुझा,
शेखर

ता. क. आसनगाव स्टेशन, दुपारी सव्वाबारा. सर्व खोल्या झाडल्या. पाण्याचा मुख्य नळ बंद केला. कढीपत्त्याला पाणी घातले. साडेदहा वाजता दार लावले, कुलूप ओढून पाहिले. किल्ल्या कार्यालयात परत केल्या. दोन्ही.