डॉक्टरकडे धुतलेलं जावं

मंगळवार, ३ जून
नाकारलं! 'सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, विम्यात बसत नाही.' सौंदर्य! एकाहत्तराव्या वर्षी, नेइव्हाच्या या उकाड्यात, पोटावरून मांड्यांपर्यंत लोंबणारी कातडी मी कुणाला दाखवायला कापून घेणार? बिशपला?

पोट लहान करायच्या ऑपरेशनचे पैसे याच विमा कंपनीने दिले – गुडघ्यांसाठी, साखरेसाठी. साठ किलो गेले. ते ज्या पिशवीत होते ती मात्र मागे राहिली, आणि ती म्हणे माझी हौस. घडीखाली सतत ओल, पुरळ, चिघळलेल्या जखमा. रोज सकाळी ओमायरा दोन्ही हातांनी घडी उचलून धरते, मी पुसते, मग मक्याचं पीठ लावते. पाठची बहीण म्हणून. दुसऱ्या कुणाला पाहूही दिलं नसतं.

गुरुवार, ५ जून
का नाकारलं ते कळलं. विमा कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणीला जायचं म्हणून मी आठवडाभर मलम लावून जखमा सुकवल्या. दोनदा आंघोळ, पावडर, इस्त्रीचा झगा. कॉन्व्हेंटमध्ये मदर इन्माकुलादा सांगायची – डॉक्टरपुढे आणि देवापुढे धुतलेलं जावं. डॉक्टर म्हणाला, सेन्योरिता, किती नीटनेटक्या राहता! मी फुलले. आणि त्याने लिहिलं – त्वचा निरोगी.

ओमायराला सांगितलं, तर म्हणते, "मग काय पारोशी जाणार होतीस?"

तेही खरंच. या गावात लोक दवाखान्यात जायला शेजाऱ्याचे बूट मागून नेतात.

सोमवार, ९ जून
तुतेला करायची. विमा कंपनी नाही म्हणाली की सगळा देश हेच करतो – थेट न्यायाधीशाकडे अर्ज, दहा दिवसांत निकाल. शेजारच्या फाबिओलाने नवऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन असंच मिळवलं. तिचा सल्ला – "अर्जात भांडू नका, रडा." मला फक्त भांडताच येतं. फोटो जोडायचे म्हणाली. उघड्या पोटाचे.

शुक्रवार, १३ जून
फोटोंसाठी सोमवारपासून घडीला ना पाणी लावलं, ना पीठ. माझा वास मलाच सहन होईना. आज खिडकीच्या उजेडात ओमायराने फोटो काढले – एका हाताने घडी वर धरून. माझ्या पोटावर तिचा हात पिवळा दिसला. विचारलं. म्हणाली, "अचिओतेच्या बियांचा रंग गं. सान पेद्रोच्या सणासाठी मांसाला चोळून ठेवलंय." मी झापलं, आधी हात धुऊन ये. ती हसली – "न्यायाधीशाला वाटेल, तुलाच तळायला घेतलंय."

घरातसुद्धा तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा. उन्हाने डोळे दुखतात म्हणे. मग बराच वेळ खुर्चीत बसून राहिली.

मंगळवार, २४ जून
जिंकले! न्यायाधीश बाईच आहेत. 'सन्मानाने जगण्याचा हक्क' असं लिहिलंय. ऑपरेशन कंपनीनेच करून द्यायचं. दोनदा मोठ्याने वाचलं. बाहेर सणाचे ढोल. ओमायरा म्हणाली, छान झालं ताई. मिरवणूक पाहायला उठली नाही. तिच्या आवडीची मिरवणूक!

रविवार, २९ जून
मांस कधीच संपलं. ओमायराचे हात पिवळेच. मी चष्मा काढून घेतला – डोळेही.

ईस्टरपासून तिच्या पोटात दुखतंय. मे महिन्यात एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली – गालांना रंग, ओठांना लाली, कानात आईची कर्णफुलं. त्याने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. तब्येत उत्तम आहे म्हणाला. मला का नाही सांगितलंस, विचारलं.

"घरात एका वेळी एकच तुतेला, ताई."

शुक्रवार, ४ जुलै
तिला तशीच नेली. आंघोळ करू दिली नाही, विंचरू दिलं नाही. लिपस्टिक हातातून काढून घेतली. दारापर्यंत रडत होती – "शेजारी बघतील." बघू देत! डॉक्टरने या वेळी खरंच पाहिलं. लगेच तपासण्यांना पाठवलं.

शनिवार, ५ जुलै
माझ्या ऑपरेशनची तारीख आली. मी नको म्हणून कळवलं. सकाळी घडी मीच एका हाताने धरली. जमत नाही.

गुरुवार, १७ जुलै
तपासण्यांचे अहवाल पाहून विमा कंपनीचा फोन, ओमायरासाठी. मी तिच्या उपचारांसाठी दुसऱ्या तुतेलाची तयारी करूनच बसले होते. मॉर्फिन मंजूर. घरी येणारी नर्स मंजूर. ऑक्सिजन, वरखाली होणारा पलंग – मंजूर. काही मागितलंसुद्धा नव्हतं. एकही प्रश्न विचारला नाही त्यांनी.