पश्चिमेच्या कुंपणातली फट

लिहून ठेवणार सूर्यभान नत्थुजी येऊल, वय ४९, धंदा पानमळा, राहणार अंजनगाव सुर्जी, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी उद्या अमरावतीच्या दवाखान्यात जाणे आहे. परत येणे परमेश्वराच्या हाती. म्हणून आज शुद्धीवर असताना, कोणी न सांगता, स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे.

१. राहते घर, दोन खणांचे, आणि घरातील भांडीकुंडी पत्नी मनकर्णाबाई हिची. पाने खुडण्याची लोखंडी नखी मुलगी कौशल्या हिला वलगावास पोचती करावी. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

२. वडीलबंधू खुशालराव यांस माझ्या वहाणा. घेऊन पंधरा वर्षे झाली, पण तळ फारसा झिजला नाही. मळ्यात अनवाणी जायचे असते आणि मी मळ्याबाहेर फारसा गेलोच नाही. दादांना पाय मोकळे करायची हौस आहे.

३. वाटणीत माझ्याकडे आलेला पानमळा मनकर्णाबाई हिला पूर्ण मालकीने, हयातीपुरता नव्हे. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

पानवेल ही आपल्या वऱ्हाडाची नव्हे. तिला दमट हवा, पाझरते ऊन आणि पाणी न साचणारी जमीन लागते. काळ्या रानात तिचे मूळ कुजते, उघड्यावर पान करपते. म्हणून आम्ही शेवरी-हादग्याची सावली धरतो, चारी बाजूंनी कुंपण घालतो, उन्हाळ्यात दिवसातून दोन वेळा पाणी देतो आणि तिच्या मुलखाची हवा आत कोंडून ठेवतो. तिच्याबरोबर माणूसही कोंडला जातो. वडील गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. तेव्हापासून मी सलग दोन रात्री बाहेर राहिलो ते एकदाच.

सतरा वर्षांपूर्वी चैत्रात आत फार गुदमरू लागले. रस्ता दिसावा म्हणून पश्चिमेच्या कुंपणात मी हातभर फट पाडली. जाणाऱ्या बैलगाड्या पाहिल्या, बरे वाटले. दुसऱ्या दिवशी रिद्धपूरला दर्शनास गेलो आणि फट बुजवायची राहिली. परतलो तो अकरा ओळी करपलेल्या. गरम वाऱ्याचे काम, हे मी पाहताच ओळखले.

विटाळशी बाई आत गेली की वेल जळते, असा आमच्याकडे समज. दादा चार माणसांत ओरडले, "आत कोन गेलतं रे सूर्यभान?"

माझ्यामागे पाणी द्यायला मनकर्णा गेली होती. तिने पाणी दिले म्हणून बाकीचा मळा वाचला. मी म्हणालो, "तिचे दिवस होते."

एवढेच बोललो. त्या दिवसापासून तिला मळ्याची वाट बंद झाली. बायका तिच्या हातचा विडाही घेईनात. बाईच्या त्या चार दिवसांचा विटाळ नसतो, हे रिद्धपूरला महंतांच्या तोंडून मी स्वतः ऐकलेले होते. ऐकून आलो आणि हे बोललो. वेलीचा दोष नाही, मनकर्णेचा नाही. फट माझी होती.

काल या कलमाचा कच्चा मजकूर तिला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"मले मालूम हाय," म्हणाली. "ते भगदाड मीच बुजवलं होतं, तुमी गेले त्या सांजच्याले."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमीच बोलले नाही, तं माहं कोन आयकते? आन आता मळा माह्या नावानं करता? सतरा वर्स बाहेर ठेवलं, आता मेल्यावर आत कोंडता काय?"

म्हणून जोडतो की, तिने मळा ठेवावा, विकावा किंवा सारे कुंपण काढून वेल वाळू द्यावी. कोणी विचारू नये.

ती पुढे म्हणाली, "मेल्यावरचं राहू द्या. उद्या साक्षीवाले येतीन, तवा दादांसमोर वाचून दाखवसान ना?" मी होकाराची मान हलवली.

साक्षीदार ओसरीवर येऊन बसले आहेत. पुढे तक्रार नको म्हणून दादांनाच बोलावले आहे. "सूर्यभान, काय लिवलं ते वाच तं खरं," म्हणतात. मनकर्णा दारात उभी आहे. हे लिहून झाले की मजकुरावर कोरा कागद ठेवीन आणि फक्त सहीची जागा उघडी सोडीन.

मुक्काम अंजनगाव सुर्जी, ता. ९ मार्च १९३४.

सही: सूर्यभान नत्थुजी येऊल, दस्तुरखुद्द.

साक्षीदार, सही करताना पाहिले, मजकूर वाचलेला नाही:
१. खुशालराव नत्थुजी येऊल
२. उत्तमराव सहदेव हाडोळे