जाळी बारीक केल्यावर

जळकोट,
शनिवार

प्रिय वैष्णवी,

आपल्या चिपमधल्या जोडणीतून शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग प्रकाश पलीकडे जातो, हे खरं नाही. एकाहत्तरच जातो. काल एसटीनं धाराशिवला जाऊन आपल्या कॉलेजातल्या मंजुषा मॅडमकडून तिथल्या मोठ्या संगणकावर तपासून घेतलं. दोनदा चालवलं, दोन्ही वेळा एकाहत्तर.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून ई-मेलवर लिहितेय. बंगळूरचं जेवण मानवलं का तुला? इथं आईचे गुडघे तसेच आहेत. मी सारखी पडद्यासमोर, म्हणून ती म्हणते, "उजेडच पाहिजे तर चिमणी लाव की, एवढं डोळं कशाला फोडतीस?" तिला मी एकदा समजावलं होतं. चिपवर केसाहून कितीतरी बारीक अशा सिलिकॉनच्या वाटा असतात. एका वाटेतला प्रकाश शेजारच्या वाटेत न सांडता उतरवायचा, त्यासाठी पहिलीचं टोक निमुळतं करत न्यायचं, आणि चिप बनवायच्या आधी हे सगळं संगणकावर चालवून बघायचं. तिनं विचारलं, "आन् सांडला तर?" मी हसले होते.

संगणक त्या वाटांवर चौकटींची जाळी टाकून हिशेब करतो, हे तुला माहीतच आहे. बारीक जाळीला अकरा तास लागायचे. मार्चमध्ये आमच्याकडे वीज सलग पाच तास टिकत नव्हती आणि इन्व्हर्टर दीड तासात मान टाकायचा. तीन वेळा काम अर्ध्यात मेलं. चौथ्यांदा मी जाळी भरड केली. साडेचार तासांत उत्तर आलं, आणि फार सुंदर आलं. निमुळतं टोक जाळीच्या एका घरातच मावलं होतं, संगणकाला ते दिसलंच नव्हतं. अशा वेळी बारीक जाळीवर पुन्हा चालवून बघायचं असतं. मी अहवालात नुसतं 'पडताळलं' असं लिहिलं, आणि माझ्या शब्दावर तू खाली सही केलीस.

परवा तो अहवाल चाळताना त्या एका शब्दापाशी नजर अडकली. मॅडम रागावल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वीज जाती म्हणून लिहायला काय झालं होतं गं?" ते जास्त लागलं.

आत्ताच आपल्या ऑफिसच्या कुलदीप सरांना सगळं कळवलं. हे पत्र मात्र दुसऱ्याच भीतीपोटी आहे. दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत माझ्या हातून लेसरची नळी फुटली, तेव्हा तू पुढं होऊन "माझ्याकडून फुटली" म्हणालीस आणि मी गप्प राहिले. आताही तू म्हणशील, तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं होतं. तुझं नोकरीत कायम झाल्याचं पत्र अजून निघालेलं नाही, वैष्णवी. हात जोडते, खरं तेवढंच सांग: हर्षालीनं लिहिलं, मी विश्वास ठेवला. सोमवारी दहाला सर तुला आत बोलावतील. आराखडा मंगळवारी दुपारपर्यंत थांबवता येतो. त्यानंतर कारखान्यात चिप घडायला लागेल.

तुझीच, या वेळी गप्प न बसलेली,
हर्षाली