गोडाऊनच्या पत्त्यावरचं सगळं

सोमवार, ३ मार्च
हेड ऑफिस ते गोडाऊन नेटवर्क रखडतंय. कारण मी शोधलं. (दाखवलं ताईंनी. समजलं मला.) गोडाऊनचा एक विभाग बंद झाला, पण त्याच्या पत्त्यावर डेटा येतोच. गोडाऊनचा राऊटर म्हणतो, आमचा नाही, हेड ऑफिसला विचारा. हेड ऑफिस म्हणतं, गोडाऊनचाच. परत पाठवणी. दिवसभर हाच लूप.
ताई माझ्या सीनियर. म्हणाल्या, गोडाऊनच्या राऊटरवर डिस्कार्ड रूट टाक. ज्याला तिथे घर नाही, ते तिथेच फेकायचं. एक ओळ.
एका ओळीचं काम मला शोभत नाही. संकल्प: स्वतःची योजना.

बुधवार, ५ मार्च
योजना डोक्यात तयार. मॅनेजरना शुक्रवारचा शब्द दिला.
शुक्रवारीच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. चारला पोचतो म्हटलं. बायको नुसतं "बरं" म्हणाली. विश्वास असावा.

शुक्रवार, ७ मार्च, दुपारी २.१०
गोडाऊनच्या मशीनरूममध्ये, ताईंच्या नजरेआड. ओळ त्यांचीच, पण सुधारून. इथे नाही, थेट हेड ऑफिसच्या राऊटरवर टाकली. रोग मुळातून उपटायचा.

२.१४
लूप बंद.

२.१५
सगळंच बंद. गोडाऊनमध्ये कुणाला घर आहे, कुणाला नाही, हे हेड ऑफिसला कळत नाही; गोडाऊनकडे येणारं सगळंच ते फेकून देतंय. ओळ काढायला गेलो, तर मला येणारं उत्तरही फेकलं.

२.२०
दार उघडेना. आत-बाहेर दोन्हीला कार्ड, आणि कार्ड हेड ऑफिसला विचारतं. मोबाईलला रेंज नाही. टेबलावरचा फोन नेटवर्कचाच.

३.०५
दार बडवलं. वॉचमनकाका आले. ताईंना फोन करून तांत्रिक अडचण आहे म्हणा, असं सांगितलं. कॉम्प्युटर बंद म्हणून कारकून खुशीत घरी गेल्याचं कळलं.

३.४०
ताईंनी विचारलंय, मी काही बदललं का. नाही म्हणून कळवलं.

४.००
आईला आत नेलं असेल. एसी फार गार आहे.

४.२५
काका दाराबाहेर स्टूल टाकून बसलेत. म्हणाले, "साहेब, खरं काय ते ताईंना सांगू का?"
घड्याळ पाहिलं. मग म्हटलं, "सांगा. चूक माझी आहे."

४.३१
ताईंनी हेड ऑफिसमधून माझी ओळ काढली. दार उघडलं.

शनिवार, ८ मार्च
ताईंनी ओळ योग्य जागी टाकली. नेटवर्क पळतंय. मॅनेजरनी माझं कार्ड मागून घेतलं. तात्पुरतं असेल.
आईचं ऑपरेशन छान झालं. घाबरलीस का, विचारलं. म्हणाली, "नाही रे. सूनबाई होती ना. तू नव्हतास तेच बरं, डॉक्टरांना शिकवत बसला असतास."
डॉक्टरांनी दर चार तासांनी एक थेंब सांगितलाय. मी घातला. गालावर पडला. मग बायकोने घातला.