पुढचे दोन टायर

सोलापूर,
१२ सप्टेंबर १९७८

प्रिय हिंदुराव,

तुझं पत्र येऊन बावीस दिवस झाले. एरवी कुणी टायरचं विचारलं की मी दुकानाच्या पायरीवर उभ्याउभ्या उत्तर देऊन मोकळा होतो, तुझ्या दोन ओळींच्या प्रश्नापायी मात्र तीन कागद फाडून झाले. धोंडीरामची लाल गाडी तू तीन सुट्ट्या घालवून दुरुस्त केलीस, इंजिन सुरू झालं, आता दिवाळीला पुण्याहून आलास की तुझे अण्णा ती भंगारात घालायच्या आधी एकदा तरी कुंभारीहून अक्कलकोटपर्यंत चालवायची, असं लिहितोस. ‘टायर कुठले घालायचे ते तूच सांग, त्या गाडीचे टायर तूच निवडले होतेस.’ हे तू सहज लिहिलंस, मला ते सहज वाचता आलं नाही.

आधी टायरचं सांगतो, तेवढं तरी मला सरळ सांगता येतं. चारही टायर एकाच जातीचे घाल. तुझ्या गाडीला रेडियल हवेत. साध्या टायरच्या पोटातले दोरे एकमेकांवर तिरपे विणलेले असतात, रेडियलमधले एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात. त्याने टायरची बाजू मऊ राहते आणि वळणावर तो रस्ता सोडत नाही. आता ते आपल्याकडेही मिळू लागलेत. पण घालायचे तर चारी. तीन मिळाले तर चौथा येईपर्यंत गाडी ठोकळ्यांवर राहू दे, दिवाळी हुकली तरी चालेल. हे वाक्य दोनदा वाच.

आमच्याकडे तसं बरं आहे. दुकान विजापूर रस्त्यावर हलवलं. आई गुडघ्यांनी बेजार आहे, तरी तुझी चौकशी करते आणि तुझ्या लग्नाला मी का गेलो नाही म्हणून अजून मला बोलते. तिला मी ट्रकवाल्यांची गर्दी होती असं सांगितलं. तुलाही तेच लिहिलं होतं. खोटं होतं ते, हिंदुराव. त्या मांडवात तुझ्या भावाच्या, धोंडीरामच्या जागी उभं राहून पाहुण्यांना अक्षता वाटायची मला लाज वाटली.

तुला आठवतं ना, ती गाडी मिळाली कशी? गिरणीच्या मॅनेजरच्या बंगल्यामागं पडलेली, दोन शिटांची, विलायती. आत कोंबड्या बसत. धोंडीरामने ती बैलगाडीवर घालून आणली तेव्हा अख्खा गाव हसला. सोनाकाकू लेकाला म्हणाल्या, “ह्यात बसायचं का निजायचं रं?” दीड वर्ष तो तिच्याखाली पालथा नाहीतर उताणा. मद्रासकडं विमानांच्या जुन्या धावपट्टीवर गाड्यांच्या शर्यती होतात, तिथं जायचं हेच त्याच्या डोक्यात. जिंकायचं नव्हतं त्याला. मला म्हणायचा, “चन्ना, शेवटचा आलो तरी चालतंय, पर कुंभारीची गाडी हाय म्हनून तितं नाव पुकारलं पायजे.” असा वेडा मित्र मला पुन्हा मिळाला नाही.

इंजिन झालं, रंग झाला, राहिले टायर. त्याने कुठल्याशा विलायती मासिकात रेडियलबद्दल वाचलं आणि माझ्यामागं लागला. टायरचा धंदा माझा, तेव्हा निवड माझी. मुंबईत बंदराजवळच्या एका व्यापाऱ्याकडे त्या मापाचे दोनच निघाले. बाकीचे दोन पुढच्या बोटीने येतील म्हणाला. मी ते दोन एस.टी.च्या टपावर टाकले नाहीत, सोलापूरपर्यंत शेजारी बसवून आणले. कंडक्टर म्हणाला, “पाव्हणं कुठं उतरनार?” दोघं हसलो. हे सगळं मी लांबण लावतोय असं तुला वाटेल. लावतोच आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

दोन नवे रेडियल आणि दोन जुने साधे. कुठले कुठं बसवायचे, हा प्रश्नही मला पडला नाही. अण्णांच्या दोन ट्रकांवर मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून टायर बदलत आलो. चांगला टायर पुढं, झिजल्यावर नवं रबर चढवलेला मागं, हे अण्णांनी मला जॅक धरायला शिकवायच्या आधी शिकवलं. पुढचा फुटला तर ट्रक हातात राहत नाही. ट्रकाला ते शंभर टक्के खरं आहे. सोलापुरातला कुठलाही टायरवाला तेच करेल. मीही तेच केलं. नवे दोन पुढं चढवले, जुने मागं. सोनाकाकूंनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि धोंडीरामने लिंबं चिरडत गाडी काढली.

चक्कर मारून आला तो हरखून गेलेला. पण उतरताना म्हणाला, “पुढनं लई झकास धरती रं. पर मागनं जरा मोकळी वाटतीया की.” मी पाना पुसत होतो. म्हटलं, सवय नाही तुला नव्या टायरची, होईल. एवढंच म्हटलं. पाच वर्षं मी मनात तो पाना हातातून खाली ठेवून बघतो, उठून मागचं चाक बघतो, त्याला थांब म्हणतो. तेव्हा मात्र मी पाना पुसला आणि चहा मागवला.

चौथ्या दिवशी दुपारी, अक्कलकोट रस्त्याच्या त्या वळणावर, गाडी आडवी होऊन पुलाच्या दगडावर गेली. पुढचं तुला माहीत आहे. भिमा धनगर तिथं मेंढरं चारत होता. तो सगळ्यांना सांगत होता, “गाडी लई पळत न्हवती वो. मागनं कुणी ढकलल्यावानी गरकन फिरली.” त्याचं कुणी ऐकलं नाही. लाल गाडी, तरणा पोरगा, शर्यतीचं वेड, लोकांना एवढं पुरलं. अण्णा तर बाप असून मसणवाट्यातच म्हणाले, “मस्तीनं गेला.” त्या दिवसानंतर त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही, भिंतीवर फोटो लागू दिला नाही. सोनाकाकूंनी तो ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवलाय, मला एकदा दाखवला. मोडलेली गाडी ठोकळ्यांवर चढवताना तिची चाकं मीच काढून नेली, म्हणून तुला कधी काही दिसलं नाही.

मलाही तेव्हा कळलं नव्हतं, शपथेवर सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका टायर कंपनीने आम्हा दुकानदारांसाठी दोन दिवसांचा वर्ग घेतला. शिकवणाऱ्याने फळ्यावर गाडी काढली आणि पहिलीच गोष्ट सांगितली. रेडियल आणि साधे एका गाडीवर मिसळू नका. पुढं रेडियल आणि मागं साधे तर कधीच नको, कारण वळणावर पुढची चाकं रस्ता धरून ठेवतात, मागची सुटतात आणि गाडी गरकन फिरते. त्याने हाताने फिरवूनही दाखवली. मी तिथून उठलो तो थेट भिमाच्या वाड्यावर गेलो. म्हटलं, परत सांग कसं झालं. त्याने कुरकुर न करता तेच सांगितलं, तसाच हात फिरवला. म्हणाला, “व्हय, तवा कुणी इचारलंच न्हाय नीट.”

दोन वर्षं मी गप्प राहिलो. भीती होतीच, दुकानाची, तुझी. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तो नियम मला कुणी शिकवला हे अण्णांना एका क्षणात कळेल. आज लिहितोय ते तुला वाचवायला, हे एक. दुसरं म्हणजे धोंडीराम मस्तीनं गेला नाही. त्याला गाडीनं आधीच सांगितलं होतं, त्याने ते मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. हे अण्णांना कळायला हवं, ते असेपर्यंत, आणि फोटो ट्रंकेतून भिंतीवर यायला हवा. तेव्हा हे पत्र त्यांना वाचून दाखव. फक्त मी टायर बदलायला कुणाकडे शिकलो, त्या ओळी गाळ. त्यांनी विचारलंच, तर सांग की चन्ना आपल्याच डोक्यानं चालला. चार नवे टायर मी आणून ठेवलेत. बसवायला मी यावं की दुसऱ्या कुणाला बोलवावं, ते तू कळव.

तुझाच, आणि त्याचाही,
चन्नवीर