उसने मनगट

मार्गशीर्ष शुद्ध ६, शके १८४२. मुक्काम नांदेड

आजही मुकर्रर! "मुकर्रर! मुकर्रर!" — तोच नाच पुन्हा व्हावा म्हणून सबंध मंडप ओरडत होता. ही ललकारी निवृत्तीसाठी. निवृत्ती म्हणजे आमच्या नाटक कंपनीची नर्तकी. जन्म उमरीचा, आणि दाढी मात्र नित्य दोन वेळा करावी लागते. परंतु लुगडे नेसून त्याने रंगभूमीवर पाऊल टाकले की प्रेक्षकांस ब्रह्मसाक्षात्कार होतो. तदनंतर विदूषक, अर्थात अस्मादिक, प्रवेश करतात. प्रेक्षक विडी ओढावयास बाहेर जातात.

मालक धोंडप्पा म्हणाले, "मन्मथअप्पा, फार्स आखूड करा. दुस्काळात लोक नाचालाच येऊन राहिलेत."

दुष्काळात हास्यरसाचे प्रयोजन अधिक, असे मी सशास्त्र प्रतिपादन केले. मालक मध्येच उठून गेले.

मार्गशीर्ष शुद्ध ८

नवे संकट. आमची सौभाग्यवती जगदेवी सबंध कंपनीच्या भाकरी थापते. नर्तकी प्रातःकाळी येऊन तिच्या चुलीपाशी गुडघ्यांना मिठी मारून बसते.

"काय बोलतो तो?" मी पृच्छा केली.

"काई न्हाई."

"मग करतो काय?"

"बघून राहतेत."

बोलला असता तर एका समासात गारद केला असता! बघणाऱ्याशी वाद कसा घालावा?

मार्गशीर्ष शुद्ध १०

बोलला! गोदावरीच्या वाळूत झिरे खणून बायका वाटी वाटीने घागर भरतात. जगदेवी तेथून परतली तर हा म्हणतो, "वहिनी, पदर खोचता तो कुण्या हातानं?" तिने हसत खोचून दाखविला. माझ्या एकाही कोटीवर ती गेल्या कित्येक वर्षांत हसलेली नाही. कोट्या उत्तम आहेत.

मार्गशीर्ष शुद्ध ११

मध्यरात्री उठून लिहितो आहे. थंडीमुळे, असे समजावे.

आज नाचता नाचता निवृत्ती मध्येच थबकला. किंचित वाकला. कपाळावरची बट त्याने मनगटाच्या मागच्या बाजूने सारली — बोटे अलग, जणू पिठाने भरलेली. बस, इतकेच. आणि मंडप पेटला! पडद्याआड बसलेल्या प्रेक्षक बायकाही ओरडल्या!

मी विंगेत उभा. हे मनगट कोठे तरी पाहिले आहे, इतकेच प्रथम वाटले. कोठे, ते आठवावयास वेळ लागला. ते माझ्याच घरचे होते.

मार्गशीर्ष शुद्ध १२

तिला सांगितले. क्रोधाने सांगितले — "सगळे नांदेड तुझ्या मनगटाला मुकर्रर म्हणते!"

मला वाटले, ती लज्जित होईल. तिने हातातले पीठ झटकले. "माझ्या?" म्हणाली. कानापर्यंत लाल झाली. मग हळूच, "एकडाव मला बघू द्या की. मी कधी खेळ बघितलाच न्हाई."

तो लाल रंग मी विवाहसमयीही पाहिला नव्हता. कोणासाठी होता तो?

मार्गशीर्ष वद्य १

निर्णय झाला. जगदेवीला निलंग्यास माहेरी पाठविले. तिचे वडील वीरण्णा यांच्या विहिरीस अद्याप पाणी आहे — हे कारण सर्वांस पटले. तिला सोडून.

"पाण्यापायी धाडून राहिलात, का त्यांच्यापायी?"

मी जलदुर्भिक्ष्यावर व्याख्यान दिले. ते संपण्यापूर्वीच ती गाडीत बसली होती.

मार्गशीर्ष वद्य ७

लातूरच्या वाटेवर. बैलांना कडबा नाही. भाकरी नव्या आचाऱ्याची. तिची ढाल करता येईल.

पौष शुद्ध ३. मुक्काम लातूर

नवा जिल्हा, नवा तालुकदार, नवा परवाना. जुना केवळ मी.

प्रयोग पडला. निवृत्ती नाचला, तालात, सुरात, अचूक. मनगट कपाळावर गेले आणि ते निव्वळ मनगट होते. कोणी हूं की चूं केले नाही. माझ्या प्रवेशास मात्र हशा! प्रचंड हशा! जन्मभर ज्याची प्रतीक्षा केली तो क्षण आला.

मला जेवण गेले नाही.

पौष शुद्ध ६

मंडप अर्धा रिकामा. मालकांनी निवृत्तीला विचारले, काय झाले? तो भाबडेपणाने म्हणाला, "बघायला कोणी न्हाई, मालक. म्या बघूनच नाचतो."

मालक मजकडे वळले. "अप्पा, वहिनीला घेऊन या. न्हाई तर कंपनी इथंच मोडती."

म्हणजे माझ्या पत्नीला परत आणावयाचे, ते त्याने पाहावे म्हणून! आणि हे काम विदूषकाचे!

पौष शुद्ध ९. मुक्काम निलंगा

आणावयास गेलो. तिने अंगणातच उभे केले.

"कशाला आलात? भाकरी थापायला, का त्यांच्या नाचाला?"

"पती या नात्याने," मी म्हणालो.

"बरं." ती उंबऱ्यावर बसली. "वीस वर्षं सोंगं करून राहिलात. राजाचं करता, न्हाव्याचं करता. माझं करा. मी चालते कशी, दाखवा. मग येते."

सासरे पाहत होते. शेजारची केवळाबाई कुंपणावरून पाहत होती. मी पाऊल उचलले. डावे की उजवे? भरभर की सावकाश? पाऊल तसेच अधांतरी राहिले. केवळाबाई हसली, तिला तो विनोद वाटला.

जगदेवी हसली नाही. उठून आत गेली.

पौष शुद्ध ११. मुक्काम लातूर

एकटाच परतलो. निवृत्तीला म्हटले, तिच्यासारखा चालून दाखव. त्याने उपरण्याचा पदर घेतला आणि चालला. मी पाहत बसलो. एक पाय तो जपून टाकत होता. का, असे विचारले.

"वहिनींचा डावा घोटा दुखून राहतो ना, अप्पा. तुमाला ठाव असंलच."